सुडाचा हंगाम

दसरा जवळ आला की उमरग्याच्या हायवेवरून सोयाबीनच्या ट्रॉल्या सुरू होतात. ताडपत्रीच्या फटीतून दाणे सांडत जातात, त्यांवर पारवे उतरतात आणि माझ्या मेडिकलमध्ये खाजेच्या मलमाला गिऱ्हाईक वाढतं. काढणीला जाणाऱ्या बायका काउंटरपाशी येऊन मान पुढं करतात. वाळलेल्या शेंगांवरची बारीक लव कातडीत रुतून लाल चट्टे उठलेले असतात.

"लई आग होतीय ताई. गार वाटंल असं कायतरी द्या."

मी मलम देते. मी स्वतः कित्येक वर्षांत विळा धरलेला नाही, तरी या दिवसांत माझ्याही मानेला आग होते. ती कशानं होते हे मला ठाऊक आहे. त्यावर औषध नाही, आणि असतं तरी मी लावलं नसतं.

आमचं गाव बेंबळीपासून जवळच. घराच्या मागं शेत, शेताच्या तोंडाशी गोठा. घरात सत्ता तात्यांची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उंच, आवाजाचे खणखणीत, गावातले तंटे मिटवणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. भावकीत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या तरी तात्या मधे उभे राहिले की माणसं खाली बसायची. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ते तात्यांपुढं कधी मान वर करून बोलले नाहीत.

पुण्याला फार्मसीला होते तेव्हा हॉस्टेलवर माझ्या खोलीत नसरीन होती. इराणातल्या शिराजची. आमचं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं, पण मधूनच एखादा शब्द दोघींचा निघायचा. दरवाजा, बाजार, जमीन, हप्ता. निजामाच्या राजवटीनं आमच्या तोंडात ठेवलेले शब्द तिच्या घरचे होते. एकदा मी फोनवर आईला विचारलं, "हंगाम कसा काय औंदा?" फोन ठेवला तर नसरीन माझ्याकडे बघत होती.

"हेंगाम? तुम्ही पण हेंगाम म्हणता?"

"म्हणजे पिकाचे दिवस."

"आमच्यात हेंगाम म्हणजे वेळ. एखादी गोष्ट होण्याची वेळ."

दुपारी गच्चीवर ती केस वाळवत बसायची. गुडघ्यांवर हनुवटी, पाठभर केस सोडलेले. उन्हात केस वाळवायला मिळणं ही तिला चैन वाटे. तिनं सांगितलं होतं, तेहरानहून विमान वर गेलं की बायका डोक्यावरचे रुमाल काढून पर्समध्ये ठेवतात, आणि परत जाताना चाकं जमिनीला टेकायच्या आत पुन्हा बांधतात. एकोणीस वर्षांची असताना तिला पोलिसांच्या गस्तीच्या गाडीनं रस्त्यातून उचललं होतं. रुमाल मागं सरकला होता, एवढंच. चौकीवर तिच्या वडिलांना बोलावलं आणि पुन्हा असं होणार नाही म्हणून लिहून घेतलं.

"केस माझे," ती म्हणाली, "आणि सही बापाची."

मी तेव्हा हळहळले. मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, आपण इकडं जन्मलो. त्याच वर्षी दिवाळीला गावी गेले, आणि धाकट्या बहिणीला बघितलं.

मनीषा तेव्हा बारावीला होती. रोज एसटीनं धाराशिवला जायची. सोयाबीनची काढणी चालू होती. दिवाळीच्या थोडं आधी एका दुपारी गाडी वाटेतच बंद पडली. वर्गातल्या एका मुलानं तिला मोटारसायकलवरून गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडलं. कुणीतरी बघितलं, आणि ती घरी पोचायच्या आधी बातमी शेतात पोचली. तात्या काढणीवरून तसेच आले, हातात विळा. अंगणात तिला खाली बसवलं आणि त्या विळ्यानं तिची वेणी कापली. दाट वेणी होती मनीषाची, कमरेपर्यंत. सोयाबीनची झाडं तोडून विळ्याची धार गेलेली. एका झटक्यात निघाली नाही. करकर आवाज होत राहिला म्हणे. काढणीच्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दादा गोठ्याच्या दारात उभे होते. आई चुलीपुढून उठली नाही, म्हणजे तिला उठू दिलं नाही.

मग तात्यांनी ती वेणी गोठ्याच्या खुंटीला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून. मी दिवाळीला गेले तेव्हाही ती तिथंच होती. तिच्यावर सोयाबीनचा भुस्सा बसला होता.

लोक मला अजून विचारतात, "पण त्या पोराचं आणि तिचं खरंच काही होतं का?" मी उत्तर देत नाही. होतं म्हटलं तर विळा बरोबर ठरतो, नव्हतं म्हटलं तर बिचारीवर अन्याय झाला एवढंच उरतं. दोन्ही मला कबूल नाही.

त्याच हिवाळ्यात कळंबकडचं स्थळ बघून तिचं लग्न लावलं. केस कानापर्यंत आले होते, ते पदराखाली झाकले. बारावीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

पुण्याला परतल्यावर मी नसरीनला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल, पाठीवरून हात फिरवेल. आमच्याकडं असं काही सांगितलं की बायका म्हणतात, जाऊ दे, सोसावं लागतं. नसरीननं तसलं काही केलं नाही. ऐकता ऐकता तिनं आपले मोकळे केस मुठीत धरले आणि एकच शब्द बोलली.

"इंतकाम."

तिचा उच्चार वेगळा होता, पण शब्द मला कळला. सूड. मी तो शब्द जपून ठेवला. शिक्षण झालं, लग्न झालं, उमरग्यात दुकान टाकलं, मुलं झाली. तात्यांच्या पाया पडताना दर वेळी तो शब्द माझ्या जिभेखाली असायचा.

मग ते वर्ष आलं. गणपती उठले होते, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. इराणात एका तरुण मुलीला रुमाल नीट नाही म्हणून गस्तीच्या पोलिसांनी पकडलं आणि ती जिवंत बाहेर आली नाही. दुकानातल्या टीव्हीवर मी बघितलं, शाळेतल्या पोरी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवत होत्या. कुणी ते जाळत होतं. पोरींबरोबर पोरंही रस्त्यावर होती. आणि बाया केस कापत होत्या. भर चौकात, स्वतःच्या हातानं, कात्रीनं.

नसरीन शिराजला परत गेली होती, तिचंही तिथं औषधांचं दुकान होतं. तिनं मला व्हिडिओ पाठवला. तीच, आता डोळ्यांखाली सुरकुत्या आलेली. आरशासमोर नव्हे, रस्त्यावर उभी. एका हातात केस, दुसऱ्या हातात कात्री. कापून झाल्यावर तिनं ते केस मूठ वळून कॅमेऱ्यासमोर धरले. दोन्ही ठिकाणी केसच कापलेले, पण माझ्या बहिणीला खाली बसवलं होतं आणि ही उभी होती.

दुकानात बसलेला एक जण टीव्हीकडे बघून म्हणाला, "बघा, त्यांच्यात कसं चालतंय बायकांचं."

"आपल्यात विळा चालतो," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या हमीदाभाभी बुरखा सावरत औषध घ्यायला उभ्या होत्या, त्यांना मात्र कळलं. त्या म्हणाल्या, "पहनो बोलनेवाले बी उनोच, उतारो बोलनेवाले बी उनोच. हमको कौन पूछता, वैशालीबाई?" आणि गोळ्या घेऊन निघून गेल्या.

नसरीनचं नेट कधी चालायचं, कधी चार-चार दिवस बंद. चालू झालं की तिचे आवाजी निरोप एकामागून एक यायचे. तिच्या बहिणीची मुलगी तारा, सतरा वर्षांची, रोज मोर्चात होती. नाव ऐकून मी म्हटलं होतं, हे तर आमच्याकडचं नाव. एके दिवशी पोलिसांनी झाडलेले छर्रे ताराच्या डोळ्यात लागले. दवाखान्यात नेलं तर तिथूनच पकडून नेतील, या भीतीनं तिला नसरीनच्या दुकानामागच्या खोलीत आणलं. "माझ्याकडं जखमेला लावायला कापड कमी पडतंय," नसरीन म्हणत होती. मी माझ्या दुकानात उभी, मागं फळीवर गॉजचे गठ्ठे रचलेले, आणि त्यातलं एकही तिच्यापर्यंत पोचवता येत नव्हतं. तो डोळा गेला.

त्याच आठवड्यात दादांचा फोन आला.

"तात्याचं पंच्याहत्तरावं हाय. गावानं सत्कार ठरवलाय. सोयाबीन एकदा घरात आलं की लगेच. तू दोन शब्द बोलायचे. घरातली शिकलेली लेक म्हणून."

"बोलते की," मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड निघाला की दादा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर सोपवून मी कळंबची एसटी धरली. मनीषा दारात निवडणं करत बसली होती. तिची मुलगी ऋतुजा शाळेत गेली होती. मी नसरीनचा व्हिडिओ दाखवला. मनीषानं तो शेवटपर्यंत बघितला. मग मी सत्काराचं सांगितलं, आणि माझ्या मनात काय आहे तेही. म्हटलं, तू नको म्हणालीस तर मी तात्यांचं गुणगान करून खाली बसेन.

ती सुपातले खडे वेचत राहिली.

"सांग," ती म्हणाली. "पर एक कर. मी रडले असं सांगू नगंस. समदे तेच सांगत्यात, पोरगी लई रडली. म्या रडले नव्हते."

"बरं."

"आणि मी येणार हाय. ऋतुजाला घेऊन. म्होरंच बसणार."

परतीच्या पावसानं त्या साली उशिरापर्यंत छळलं. शेतातल्या गंजी ताडपत्रीखाली कुबट वासानं भरल्या होत्या. ऊन पडेल तशी मळणी उरकली आणि सत्काराचा दिवस ठरला. सकाळी अकराची वेळ. शाळेच्या मैदानावर मंडप, स्टेजवर तात्या भगवा फेटा बांधून मधल्या खुर्चीत. एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला गावातली जाणती माणसं. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली सतरंजीवर. मागं बुंदीच्या घमेल्यांवर कापड घातलेलं. एकेक जण उठून सांगत होता, तात्यांनी अमक्याचा बांध मिटवला, तमक्याचा संसार सावरला. तात्या मान हलवत होते. मनीषा सतरंजीवर अगदी पुढं बसली होती, शेजारी ऋतुजा. तात्यांनी त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही.

माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला. भीती वाटली नाही. कितीतरी वर्षं भूक मारून बसलेल्याच्या पुढं ताट यावं, तसं झालं होतं मला.

म्हटलं, "तात्यांनी गावाचे तंटे मिटवले, खरं आहे. शाळेला जागा दिली, तेही खरं. आता त्यांनी केलेलं एक काम मी सांगते, ते कुणीच सांगितलं नाही. इथल्या पुष्कळांनी ते डोळ्यांनी बघितलंय. असेच सोयाबीनचे दिवस होते. माझी बहीण बारावीला होती. एसटी बंद पडली म्हणून ती वर्गातल्या मुलाच्या गाडीवरून आली. तात्यांनी तिला अंगणात बसवून विळ्यानं तिची वेणी कापली. कापली आणि गोठ्यात खुंटीला टांगली, बैलाचं दावं टांगावं तशी. तिची परीक्षा बुडवली. तिला विचारल्याशिवाय तिचं लग्न लावलं. त्याबद्दल त्यांचा..."

माईक बंद पडला. तात्यांच्या मुलानं मंडपवाल्याला खूण केली होती. माझे ओठ हलत राहिले आणि आवाज स्टेजच्या कडेपर्यंतही जाईना. पुढारी घड्याळ बघायला लागले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, माझं बोलणं संपलं असं दाखवायला. क्षणभर मला वाटलं, गेलं, हातचं गेलं.

तेवढ्यात मनीषा उठून उभी राहिली.

"मला माईक लागत न्हाय," ती म्हणाली. शेतात हाक मारायचा आवाज तिचा, मैदानाच्या टोकापर्यंत गेला. "ती वेणी माझी हुती. तात्या, तुमी गावाचा न्याय करता ना? मग समद्यांपुढं सांगा, माझा गुन्हा काय हुता?"

टाळ्या थांबल्या. तात्या खुर्चीत सरकले. "पोरी, ही जागा न्हाय ते काढायची. घराच्या अब्रूसाठी करावं लागतं माणसाला."

"अब्रू माझ्या केसात हुती व्हय?" मनीषा म्हणाली. "मग खुंटीला कशाला टांगली? पेटीत ठिवायची की कुलूप लावून."

मागं सतरंजीवर एक म्हातारी हसली. खुदकन, तोंडाला पदर लावून. तिच्या शेजारची हसली. मग ते हसू सतरंजीवरून पसरत पुढं आलं, दबलेलं, थांबवता न येणारं. त्यांत त्या बायकाही होत्या, ज्या त्या दिवशी बांधावर उभ्या होत्या. तात्यांच्या सगळ्या आयुष्यात गावातली बाई त्यांच्यावर हसली नव्हती. त्यांना ओरडणं माहीत होतं, रडणं माहीत होतं, पाया पडणं माहीत होतं. हसण्यापुढं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ते उठले, शाल खांद्यावरून घसरली, नारळ स्टेजवरून गडगडत खाली गेला, आणि ते मुलाचा हात धरून घराकडं चालू लागले.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. स्वच्छ, पोटभर आनंद. लोक म्हणतात सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो. मी रिकामी झाले नाही. त्या दिवशी मी पंगतीत बसून जेवले. पुरुष बहुतेक निघून गेले होते, बुंदी घमेल्यातच उरली होती. माझ्या शेजारी आई बसली. तिनं बुंदी पुन्हा मागून घेतली.

दादा मंडपाबाहेर थांबले होते. म्हणाले, "माझ्या भावाला तू आज जितेपणी मारलंस."

"मनीचं चाललं होतं तेव्हा तुम्ही गोठ्याच्या दारात होतात, दादा."

त्यांनी तोंड फिरवलं. आजही आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. त्याचं दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही. क्षमा मोठी असते म्हणतात. असेल. पण ती कुणी मागायला तर हवी. तात्यांनी आजवर मागितलेली नाही. त्यांच्याकडं तंटे न्यायचं मात्र गावानं हळूहळू बंद केलं. कुणी ठरवून नव्हे. बायकाच घरात म्हणू लागल्या, "त्यांच्याकडं नगा जाऊ, ते विळा काढतील." हसून म्हणायच्या, आणि विषय तिथंच संपायचा.

नसरीनला मी सगळं बोलून पाठवलं. नेट आल्यावर तिचा फोन आला. तिनं पेटीचं आणि कुलपाचं वाक्य मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला.

"तुझ्या तात्याला नाव आहे, घर आहे, खुर्ची आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहू शकलात. ताराच्या डोळ्यात ज्यानं छर्रे झाडले त्याचा चेहरा झाकलेला होता. मी कुणाच्या मंडपात जाऊ?"

तिच्या सुडापुढं माझा सूड म्हणजे चिमूटभर. मी तो घेऊन बसले आणि तिचा तसाच राहिला, हे मला सलतं. पण तारा घरात बसली नाही. काचेचा डोळा बसवला, विद्यापीठात जाऊ लागली, रुमाल न बांधता. तिच्यासारख्या पुष्कळ जणी आता तशाच हिंडतात, नसरीन सांगते. कायदा तोच आहे, गस्तीची गाडीही मधेच दिसते. तारा तिच्यासमोरून हळू चालते. मुद्दाम हळू. पकडलं तर पकडलं. एकदा नसरीननं तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. पण त्यांनी मला रोज बघावं अशी माझी इच्छा आहे."

यंदा दसऱ्याच्या आधी मी गावी गेले होते. ऋतुजा आता सतरा वर्षांची, धाराशिवला बारावीला. सुट्टीत आजीकडं येते ती स्वतःच्या स्कूटीवर. मला बेंबळीच्या फाट्यावरून तिनंच मागं बसवून आणलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन कापून पडलेलं, हवेत भुस्सा. गावात शिरल्यावर देवळाच्या पारावर तात्या बसलेले दिसले, आणखी दोघा-तिघा म्हाताऱ्यांबरोबर. वाळले आहेत आता, पण पाठ ताठ. ऋतुजानं गाडी थेट पारापुढं नेऊन थांबवली.

"आता काय?" मी विचारलं.

"थांब गं मावशी. आईनं लावून दिलेलं काम हाय. प्रत्येक खेपेला करायचं असतं." तिनं ओढणी गळ्यात मागं टाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "तात्या, आईनं रामराम सांगितलाय तुम्हाला."

तात्या जमिनीकडं बघत राहिले. पारावरचे म्हातारे एकदा त्यांच्याकडं, एकदा पोरीकडं बघायला लागले. ऋतुजानं गाडी चालू केली नाही. पाय टेकून, हँडलवर हात ठेवून, तोंडावर हसू घेऊन ती थांबून राहिली. मला समजलं, ही पोरगी संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबेल.

"रामराम," तात्या म्हणाले.

"आईला सांगते हं," ऋतुजा म्हणाली, आणि तिनं गाडी चालू केली.